गलेफाचं माप

बांधशा पिराचा गलेफ आमच्या घरात शिवतात.
आधी बाप शिवायचा, आता मी.
करावे गावात दुकान, वर पाटी: चारुशीला लेडीज टेलर.
वर्षातून एकदा, उरुसाच्या आधीच्या बुधवारी,
हिरवं साटीन, सोनेरी गोटा,
ब्लाउजांना सुट्टी.

पीर कोण होता?
कोळी म्हणतात, खलाशी. तापानं फणफणला
म्हणून तांडेलानं ओहोटीला तिवरांत उतरवून दिला,
आणि निवट्यांनी त्याच्या कपाळावर
रात्रभर ओला चिखल थापला.
निवट्यांनी? असू दे.
सांगणाऱ्याला मध्येच थांबवायचं नसतं.
सत्तार फकी मुजावर म्हणतो, बुखाऱ्याहून चालत आला;
पिराच्या सहा पिढ्या तो घडाघडा म्हणून दाखवतो,
मधलं एक नाव दरवर्षी बदलतं.
आगरात राबलेली बारकीबाय म्हणायची,
"चोर व्हता तो. मिठाचा."
किल्ल्यात डांबला, अळणी भात दिला,
तर सकाळी किल्ल्याच्या विहिरीला खार चढला.
त्याला सोडला, तेव्हा कुठे पाणी गोडं झालं.

एवढं मात्र सगळ्यांचं सारखं:
त्याला आपली भाषा येत नव्हती.
पहिला शब्द शिकला तो 'उघाडी'.
खाडीचं पाणी आत घ्यायची, बाहेर सोडायची
ती बांधातली फळी.
कुणी भाकर वाढली की म्हणायचा, उघाडी.
तापलेलं पोर घेऊन बाई आली,
पोराच्या टाळूवर हात ठेवून, उघाडी.
मयतीला गेला तरी तेच.
लोक आधी हसले. मग तेही म्हणू लागले.

पिठोरी अवसेच्या उधाणात बांधाला खांड गेली.
दोन हात, मग चार.
पेंढा टाकला, गेला. चिखल टाकला, गेला.
एक बैलगाडी आडवी घातली, तीही गेली.
तेव्हा हा जाऊन खांडीत आडवा झाला,
झोपेत कूस बदलावी तसा.
पहाटे उठवायला गेले,
तर बांध होता. तो नव्हता.
तिथंच चुना फासला, तीच कबर.
म्हणून ती लांब. म्हणून ती वाढते:
खांड रुंदावली की पीर पाय ताणतो.

बापाची वही माझ्याकडे आहे.
एकसष्ट साल: सव्वापाच हात.
पंच्याहत्तर: साडेपाच, वर एक मूठ.
शेवटच्या पानावर, अक्षर हललेलं: सहा हात चार बोटं.
मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा सात भरले.
सत्तार फकीनं डोळ्यांना रुमाल लावला.
मी काही बोलले नाही.
बाप कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजायचा,
आणि संधिवातानं त्याची बोटं मिटत गेली होती.
माझा हात तर मुळातच आखूड,
बांगड्या अजून पोरीबाळींच्या मापाच्या लागतात.

आता टेपनं मोजते.
आगरं गेली. बांध रस्त्याखाली गेला,
कबरीपाशी तेवढा रस्ता पोट आत घेतो.
समोर एकवीस मजले. परवा तिथली एक बाई
चपला हातात धरून विचारत होती,
आमच्या तळघरात भरतीला पाणी येतं,
त्यावर बाबा काही करतात का?
सत्तार फकी मोरचेल फिरवत म्हणाला,
म्हणा, उघाडी.
ती म्हणाली. शुद्ध, शाळेतल्यासारखं.

गेल्या वर्षी एकशे तीन इंच.
यंदा एकशे चार, आणि वर दोन सूत.
परत मोजलं, गुडघे टेकून,
टेपचं पत्र्याचं टोक चुन्याला घट्ट दाबून.
चुन्याचेच थर असतील, दरवर्षी फासतात.
टेप सैल पडला असेल.
वहीत एकशे तीनच मांडलं.
कापड बेतताना मात्र
पायांकडच्या बाजूला दोन बोटं माया जास्त सोडली,
आत दुमडून, वर कच्चा टाका,
उसवायला सोपा.