सव्वीस कुबडं

मुलानं ओउलूहून साखळी पाठवली.
डब्यावर हिरवा शिक्का : उसळी कमी.
सोबत चिठ्ठी, आई, हीच लाव, जुनी फेकून दे.

लावली.
एप्रिल होता. काइनूचा एप्रिल म्हणजे
सावलीत गुडघाभर बर्फ, उन्हात चिखल,
आणि पुढच्या हिवाळ्याचं सरपण आत्ताच कापायचं,
उन्हाळाभर वाळलं तरच सौनात धूर करत नाही.
मांडीएवढा बर्चचा ओंडका.
करवत कण्हली, वरवर चाटत राहिली,
खाली पडलं ते पीठ.
चांगल्या साखळीखाली पीठ पडत नाही.
कीस पडतो, गाजराच्या किसासारखा, लांब, ओलसर.

ओइवाला बोलावलं. तळ्यापलीकडचा,
चाळीस वर्षं जंगलात, कंपनीच्या पगारावर.
कॉलरपासून कानापर्यंत एक पांढरी शिवण,
जिच्याबद्दल तो बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही.
बाकावर साखळी पसरून नखानं दाखवत गेला :
हा दात.
ही दातापुढची गाठ, किती खोल चावायचं ते ही ठरवते.
आणि हे, गाठीला खेटून, कुबड.
पात्याच्या टोकाशी हे लाकडाला
दातापर्यंत पोचूच देत नाही.
"शहाणं आहे बिचारं," म्हणाला.
"म्हणून तर उपाशी ठेवतं."

दात त्यानं गोल कानशीनं घासले,
एकाच दिशेनं, आतून बाहेर, मागे नेताना कानस उचलून.
गाठी चपट्या कानशीनं, मापपट्टी ठेवून.
कुबडांशी आला आणि थांबला.
कानस माझ्यापुढे सरकवली.
"साखळी तुझी, हेल्वी. ही तू घास.
मी घासली तर मला झोप लागायची नाही."

सव्वीस होती.
पहिल्याला हात चोरासारखा.
सातव्याला सवय.
बारानंतर मोजायचं विसरले,
कॉफी गार झाली, तिच्यावर लोखंडाची काळी साय.
शेवटचं कुबड गाठीच्या खाली गेलं तेव्हा
साखळी उचलून पाहिली, हलकी वाटली.
तोळाभरही गेलं नसेल.

मग काय सांगू.
अशी उतरली, जणू ओंडका तिचीच वाट बघत होता.
बुटांवर कीस, बाह्यांवर कीस,
आणि सत्तरीला टेकलेली मी
हेल्मेटच्या जाळीआड एकटीच हसतेय.

पाचव्या ओंडक्यामागे एक फांदी होती, बर्फात दडलेली.
टोकाचा वरचा कोपरा तिला नुसता शिवला.
करवत वर आली.
दिसली नाही, कळली :
मनगटावर आदळलेला दांडा, खट्, ब्रेक,
जाळीपासून वीतभर अंतरावर
थांबलेले दात, चकचकीत, मीच घासून मोकळे केलेले.
इंजिन तेवढं धडधडत होतं. ते बंद केलं.
छपरावरून बर्फाचं पाणी टपटपत राहिलं.
ओइवा ढिगावर बसला होता, उठला नाही.
फक्त त्याचा हात कॉलरकडे गेला
आणि मांडीवर परत आला.

"नवी आणू का? तीस युरोला मिळते."
"पाय," तो म्हणाला. "आधी तुझे पाय कुठे आहेत ते बघ."

तेव्हापासून डावा हात ताठ,
अंगठा दांड्याखालून वळवलेला,
डोकं पात्याच्या रेषेबाहेर.
प्रत्येक कापाआधी टोक डोळ्यांनी शोधायचं,
ते कशाला शिवेल ते आधी शोधायचं.
साखळीवरून जे काढलं
ते कुठेतरी ठेवावं लागतंच.
मी कोपरात ठेवलंय. थोडं मानेत.
रात्री दुखतं.

रविवारी मुलाचा फोन.
साखळी कशी आहे, आई?
कापते, मी म्हणाले.
आणि बाकाच्या फटीत, झाडूनही न निघालेला
राखाडी चुरा
बोटानं उगाच टिपत राहिले.