आधी विझवायचं काम

वीस वर्षं दिवे लावतोय.
लग्नाचे मांडव, सातपूरच्या शेडी, गणपतीचे देखावे.
विझवायचं काम पहिल्यांदाच मिळालं.

संग्रहालयाचं अंगण, सराफ बाजाराच्या मागे.
चारी बाजूंनी ओवरी, मधे फरशी,
भिंतीला टेकवलेले एकोणीस वीरगळ,
कुठल्या कुठल्या बांधांवरून, पाणवठ्यांवरून उचलून आणलेले,
पोटावर पांढऱ्या रंगात नंबर.

अनाहिताबाई म्हणाल्या, आधी मला काळोख द्या.
मग मी हॅलोजन उतरवला,
संडासाकडची ट्यूब काढली,
सराफाच्या हातापाया पडून
त्याच्या पाटीवर गोणपाट टाकलं,
आणि कोपऱ्यावरच्या हायमास्टसाठी
विभागीय कार्यालयात तीन अर्ज.
साहेबांनी विचारलं, कारण काय लिहू?
म्हटलं, लिहा : उजेडासाठी.

खरं तर दगडांवर काहीच दिसत नव्हतं.
समोरून झोत मारला की सगळं सपाट,
टाकी न लावलेल्या पाट्यासारखं.
त्रेसष्ट हजारांचा दिवा, आणि तेरा नंबरचा दगड
नुसता दगड.

यमुनाबाई निरभवणे तिथं झाडू मारतात.
त्या म्हणाल्या, तेरामधे गाय आहे.
गाईच्या मागं वासरू.
मार्गशीर्षात, चारच्या सुमाराला,
पत्र्याखालून ऊन आडवं येतं
तेव्हा दोघं येतात.
माझी पाटी भरेस्तोवर असतात. मग जातात.

बाई फरशीवर आडव्या झाल्या, गाल टेकून,
बॅटरी दगडाच्या कडेला लावून.
आधी शिंग आलं.
मग पाठीचा कणा.
मग तो, ढाल वर केलेला, नाक झिजलेला,
आणि त्याच्या दोन पायांच्या मधून
बघणारं वासरू.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग यमुनाबाई म्हणाल्या, उठा, गार लागेल.

सगळं उलटं केलं आम्ही.
एकोणीस दिवे, जमिनीलगत, मुठीएवढे,
एका घटकेत इकडून तिकडे सरकणारे.
वरच्या टोकाला चंद्र-सूर्य होतेच प्रत्येकावर,
कुणीतरी आधीच बसवून गेलेलं फिटिंग.
माझ्या वाट्याला फक्त अर्थिंग.

उद्घाटनाला माणसं कुजबुजत बोलत होती, का कोण जाणे.
पोरांच्या सावल्या ओवरीच्या कडीपाटापर्यंत गेल्या,
एक जण आपल्या सावलीच्या हातात
वीराची ढाल बसते का बघत होता.
यमुनाबाई इस्त्रीची साडी नेसून तेरापाशी उभ्या,
शेजारणीला सांगत होत्या,
हे काहीच नाही. चारला ये.

अकराला मेन पाडला.
पाथर्डी फाट्याला घरी आलो,
स्वयंपाकघरातली ट्यूब बंद केली
आणि बॅटरी भिंतीला आडवी लावली.
गिलाव्यातून थापीचे फटकारे वर आले,
अर्धगोल, त्यावर अर्धगोल,
कुणा डावखुऱ्या गवंड्याचे.
बायको उठून आली. लाइट गेली का?
म्हटलं, नाही.
घालवली.