चौदाच्या थोडं वर

एका हिवाळ्यात दोन बॅटऱ्या बदलल्या मी.
साप सोडून भुई थोपटत होते,
हे ओयार्सोने तोंडाने सांगितलं नाही.
तो नुसता मीटर लावून उकिडवा बसला,
ओठांत न पेटवलेली सिगरेट.

केम्चीपासून अंकुदपर्यंत
हेडलाइट पिकल्या लिंबासारखा,
ब्रेक दाबला की आणखी मलूल.
मागे टपालाची पिशवी: पेन्शनचे कागद,
कुणाच्या तरी चष्म्याची काच,
मासळीच्या कारखान्याच्या दोन नोटिसा.
धुक्यात गाडीपेक्षा मीच जास्त उजेड पाडत होते,
शिव्या देऊन.

"तीन पिवळ्या वायरी," तो म्हणाला.
"तिन्ही साठाला साठ देतायत.
घरातली कमावती माणसं धड आहेत.
खर्च बघणारा गेलाय."
आणि सीटखालून काढला
रेग्युलेटर, पन्हळी पाठीचा, करपलेला,
त्याला वितळून चिकटलेला प्लग.

मग काउंटरवर तीन मांडले.

पहिला नवा, खोक्यासकट, बारा हजार पेसो.
इतका हलका, की मी विचारलं,
आत काही आहे ना?
"आहे. उन्हाळ्यापर्यंत."

दुसरा जुना, पण अस्सल जपानी.
"नेल्सन कार्कामोच्या गाडीचा."
मी लगेच हातात घेतला नाही.
त्या गाडीच्या मागच्या सीटवर
दोन वर्षं बसले होते मी.
पुंता अरेनासला जाताना त्याने ती विकली,
सुट्या भागांत.
मला कळलं, ते तिचा आरसा
पाववाल्याच्या गाडीवर दिसला तेव्हा.

"लावून बघ," मी म्हटलं.
ओयार्सोने लावला. ॲक्सिलरेटर पिळला.
चौदा. पंधरा.
सोळा पॉइंट आठ.
दोघंही गप्प.
समोरच्याला झेपेल की नाही न बघता
ओतत राहायचं,
आणि तो उकळला की त्यालाच नावं ठेवायची.
नेल्सन, तुझा पार्टसुद्धा
तुझ्याच वळणावर गेलाय रे.

तिसरा, नव्वद हजार.
ओयार्सोने तो फडक्यात गुंडाळून ठेवलेला.
"हे दोघं जुन्या पद्धतीचे.
येईल ते सगळं घेतात,
नको असलेलं आपल्याच अंगात जाळतात.
दिवसभर. म्हणून हात लावला की चटका.
हा लागेल तेवढंच आत घेतो.
बाकीच्याला दारच उघडत नाही."

असं करता येतं,
हे चाळिशीच्या आत
कुणी का सांगितलं नाही मला?

"चार हप्ते," तो.
"तीन. आणि एक पोतं बटाटे."
"जांभळे?"
"जांभळे."

प्लग मात्र त्याने नवा घालायला लावला.
जुना ठेवलास तर यालाही खाईल, म्हणाला.
चेसीवरचा गंज खरवडून
चकाकणाऱ्या लोखंडावर आवळली अर्थची वायर,
आणि मग कुठे सिगरेट पेटवली.

चौदा पॉइंट दोन.
पिळला: चौदा पॉइंट तीन.
आणखी पिळला. तीनच.

लिनाओच्या उतारावर त्या रात्री
कुंपणाच्या तारा मोजता आल्या,
एका तारेवर कुणाचा तरी मोजा वाळत होता, पावसात.

नेल्सनचा तो तुकडा मी मागून आणला.
ओयार्सोने पैसे घेतले नाहीत.
ऑफिसात खिडकी उघडली की
वाऱ्याने पावत्या उडतात,
त्यांच्यावर ठेवते.
बरा बसतो.
गार असतो आता.