साक्ष

फिरतं कोर्ट महिन्यातून एकदा आमच्या खाडीत येतं,
बसतं कॉड खारवायच्या जुन्या गोदामात.
न्यायाधीशबाईंच्या टेबलाखाली
अजून मिठाचे खडे सापडतात.

आरोप वाचला :
उपासनेसाठी जमलेल्या लोकांत
हेतुपुरस्सर व्यत्यय.
आरोपी डॉर्कस स्नूक, वय एकसष्ट.
तिनं कोटसुद्धा काढला नव्हता.

मला विचारलं, व्यत्यय किती वेळ चालला?
म्हटलं, घड्याळाचं माहीत नाही,
मी ऑर्गन वाजवते, मात्रा मोजते.
स्तोत्राची दोन कडवी होतील, एवढा.

त्या रविवारी सेल्बी पिननं दिलेल्या
रंगीत काचेला आशीर्वाद द्यायचा होता.
काचेत निळा समुद्र, शहाण्या मुलासारखा निजलेला,
खाली सोनेरी अक्षरांत बुडालेल्या बोटीचं नाव
आणि त्याहून ठसठशीत, दात्याचं.
पाद्री म्हणाले, प्रभूची इच्छा.
तेव्हा ती उठली.

ओरडली नाही. एवढं लिहून घ्या.
दुकानात पिठाचा भाव विचारावा तशी म्हणाली,
"पंप सप्टेंबरपासून पाणी ओढत नव्हता, सेल्बी.
रूबेननं तुला तीनदा सांगितलं."
आणि दानाच्या थाळीत रबराची चकती ठेवली,
मधोमध चिरलेली.
नवी मागवायला नमुना म्हणून त्यानं घरी आणलेली;
तिच्या जागी बुटाचं कातडं कापून बसवलं
आणि गेला.
थाळी वाजली नाही.
थाळी धरणारा इलाय पुढे सरकेना, मागे सरकेना.

सरकारी वकील कोवळा, सेंट जॉन्सहून आलेला,
बूट भिजलेले.
"मग तुम्ही काय केलंत?"

इथं मी आवंढा गिळला.
पोलिसांच्या कागदात हे नाही.
ती उठली तेव्हा माझं बोट खर्जाच्या पट्टीवर होतं.
उचलायला हवं होतं,
उचललं नाही.
ती बोलत होती तोवर पाय भाता मारत राहिले,
सूर मी तिच्याखाली धरून ठेवला,
गाणाऱ्याखाली धरतात तसा.
तिला ऐकू येत होता की नाही, विचारलं नाही अजून.

तेव्हा व्यत्यय लिहायचाच असेल, बाई,
तर दोघींचा लिहा.

वकिलानं कागद उलटसुलट केले.
मागच्या बाकावर सेल्बी
टोपीची कड बोटांनी मोजत बसलेला.
बाहेर धक्क्यावर कुणी इंजिन सुरू करत होतं.
पहिल्या झटक्याला लागलं नाही.
दुसऱ्यालाही नाही.