दोनशे अकरावा तास

मिरकरवाड्यात मी ट्रॉलरची इंजिनं उघडतो.
तिथे एक सळई पुरते,
एका टोकाला बेअरिंग, दुसऱ्या टोकाला माझा कान.
ही गाडी मात्र बोलत नाही. लिहून ठेवते.
म्हणून लॅपटॉप, वायर,
आणि कोल्हापूरच्या निंबाळकरांनी फोनवरून पाठवलेले तीन हजार:
"सोलकर, आधी आकडे बघा. मग आपण पैशाचं बोलू."

काळबादेवीला, सुरूच्या बनाआड, ताडपत्रीखाली ती.
राखाडी, दोन दारांची,
वाळूत ओढून ठेवलेल्या होडीसारखी पोटावर निजलेली.
खाऱ्या वाऱ्याने नंबरप्लेटचे स्क्रू तेवढे खाल्लेले.
शिरधनकर बोटीवर चीफ इंजिनिअर होते, एकतीस वर्षं.
"लाल रेषेला कधी टेकवली नाही," म्हणाले
आणि वही पुढे केली:
प्रत्येक फेरी, तारीख, किलोमीटर, इंजिनाचे तास,
तेलाचा रंगसुद्धा.

स्क्रीनवर सहा रकाने उघडले.
पहिल्या दोनांत थोडं थोडं पाप सगळ्यांच्याच गाड्यांचं असतं,
पाय जड झाला, लिमिटरने पेट्रोल तोडलं, विषय संपला.
चौथा रकाना पायाने भरत नाही.
तो हाताने भरतो.
गिअर चुकला की चाकंच इंजिनाला फरफटत नेतात,
तिथे लिमिटरचं कोण ऐकतो.
चौथ्यात: अडतीस ठिणग्या.
शेवटची, दोनशे अकराव्या तासाला.
सेकंदाचा दहावा हिस्सा. पापणीलाही याहून वेळ लागतो.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
वहीत मागे गेले.
दोनशे दहा, पावस, जाऊन येऊन.
त्याच्या खाली त्यांच्याच अक्षरात:
"बेरजेत एक तास दहा मिनिटांची चूक. मीटर प्रमाण."
"तेव्हा मी सिंगापूरला नांगरावर होतो," ते वहीलाच म्हणाले.
"घरी आलो तर तास जास्त. वाटलं, आपलंच चुकलं असेल."

ओट्यावर कुमुदिनीबाई सोडे निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"तिसऱ्यातून चौथा टाकायला गेले. हात डावीकडे गेला."

मी वायर गुंडाळली. उलगडली. पुन्हा गुंडाळली.

इंजिन आज सहाशे बावन्न तासांवर आहे.
व्हॉल्व्ह वाकायचा असता
तर पुढच्या वीस तासांतच बोंब झाली असती.
ही त्यानंतर चारशे एक्केचाळीस तास चालली आहे,
पावसाळे धरून, तक्रार नाही.
रिपोर्टात तेच लिहिलं: जुनी नोंद. घ्यायला हरकत नाही.
हात कुणाचा, यासाठी रकाना नव्हता,
असता तरी मी भरला नसता.

शिरधनकर समासात पेन्सिलने काहीतरी मांडत होते.
दुसऱ्या गिअरचं प्रमाण, चाकाचा घेर, आठ हजारांवर फेरे.
एकदा केलं, खोडलं.
परत केलं, तेच आलं.
"ताशी एकशे तीस," ते म्हणाले,
आणि मग, बऱ्याच वेळाने, "आरे-वारेच्या रस्त्यावर?"

"पहाटे," बाई म्हणाल्या. "कुत्रं नव्हतं रस्त्यात.
समुद्र डावीकडे होता."

सूप झटकलं. दोन मांजरं धावली.
माझ्या खिशात निंबाळकरांचा फोन थरथरत होता,
मी तो थरथरू दिला.
शिरधनकरांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली,
आणि विचारलं, अर्थात मला नाही:
"मग परत येताना?"