साडेनऊ

हा मासा लिफ्टमध्ये सापडला.
कोलशेतच्या टॉवरात, बी विंग,
नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये अडकलेल्या गाडीत
माणूस नव्हतं कुणी.
एक बरणी, तिच्यात वीतभर पाणी, आणि हा,
केशरी, शांत, तक्रार न करणारा.
घर बदलून गेलेल्या कुणाची तरी शेवटची फेरी.
वॉचमननं वहीत नोंद केली, आठवडाभर कुणी आलं नाही,
म्हणून हे हत्यारांच्या पिशवीतून घरी घेऊन आले,
मनोरमानगरला.

‘दहावा’ म्हणू या, हे म्हणाले.
सासूबाईंनी ताटली आपटली,
जित्या जिवाला असलं नाव ठेवतात?
मग साडेनऊ ठरलं.

दिवाळीनंतर तो वर जाऊन राहिला.
पोट ट्यूबलाइटकडे.
शेपटी मारून खाली यायचा,
थांबला की परत वर, बुचासारखा.
पोटाची पाण्याबाहेर राहिलेली बाजू
कोरडी पडून लाल दिसायला लागली.

बाळकुम नाक्यावरचा मासेवाला पोरगा म्हणाला,
आतली हवेची पिशवी बिघडलीय काकी,
पन्नासला नवीन घेऊन जा.
यांनी त्याच्याकडे पाहिलं,
सोसायटीचा सेक्रेटरी ‘नवीन मोटर टाका’ म्हणतो
तेव्हा पाहतात तसं.

तीन दिवस उपास.
मग एक मटार, उकडून, साल काढून,
त्यातला नखाएवढा तुकडा.
पाणी अर्ध्यावर आणलं,
चढायला मजलेच कमी.
केमिस्टकडे एप्सम सॉल्ट मागितलं तर
हळूच म्हणाला, घरात पोट कुणाचं साफ होत नाही?
साडेनऊचं, मी म्हटलं.
त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

मटार उतरला. तो नाही उतरला.

काउंटरवेट पाहिजे, हे म्हणाले रात्री जेवताना.
दोराच्या एका टोकाला गाडी, दुसऱ्याला लोखंड,
नुसत्या मोटरवर काही चालत नसतं.
मी ब्लाउज शिवते.
कुणा नवरीच्या बाह्यांतून उरलेलं नेट होतं,
त्याचा पट्टा कापला करंगळीच्या मापाचा,
दोन टाके, गाठ बाहेरच्या अंगाला,
आणि खाली लटकनीचे मणी.
ओल्या मुठीत तो
सगळाच्या सगळा धडधडत होता.

एक मणी. वरच.
तीन मणी, तर दगडासारखा तळाला,
खड्यांवर आडवा,
आणि यांनी झटकन हात घातला,
शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली.
मार्चपासून हे पिटात उतरत नाहीत.
खालच्या कामाला दुसरा माणूस पाठवतात.
मी विचारलेलं नाही.

दोन मणी.
तो थोडा खाली आला. थांबला.
वर गेला नाही.
टाकीच्या मधोमध
काही न करता नुसता होता.
लेव्हल, हे म्हणाले.
गाडीचा तळ आणि मजल्याची फरशी
एका रेषेत आली की म्हणतात तसं,
बोटानं हवेत रेघ ओढून.

मासा बरा झालेला नाही.
शेजारपाजारचे विचारतात म्हणून सांगते.
दर चार दिवसांनी पट्टा बदलते,
घासला तर खवला निघतो.
दाणे आधी भिजवून देते, हवा गिळू नये म्हणून.
सासूबाई सकाळी टाकीशी वाकून विचारतात,
कितव्यावर आहेस रे?

यांचं नाव सोपान.
टॉवरातल्या मास्तरीणबाई हसतात,
लिफ्टवाल्याचं नाव जिना.
काल रात्री दोनला जाग आली
तर हे टाकीसमोर, स्टुलावर,
दिवा न लावता.
माझ्याकडे न वळता म्हणाले,
बाबल्या पिटात होता तेव्हा
‘घे खाली’ असं वरून मीच म्हणालो.

मी शिलाई मशीनचं स्टूल ओढलं.
पाण्यात दोन मणी हलले,
एकमेकांना लागले,
आवाज नाही झाला.