वरच्या मजल्यावरचा नांगर

आधी मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायचो.
रात्री अकराला वर कुत्री धावायची,
चुलीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत,
जणू फरशीवर कुणी वाळके वाटाणे ओततंय.
मी दोनदा ठोकायचो.
बोगुमिवाबाई वरून एकदा टाच आपटायच्या.
अकरा वर्षं आमचं बोलणं एवढंच.

नोव्हेंबरात वाटाणे कमी झाले.
टक टक, मग सर्रर्र.
टक टक, सर्रर्र.
मग धप्प,
आणि बराच वेळ काहीच नाही.
त्या काहीच-नाहीला कान लावून मी अंथरुणात पडून राहायचो.
एकदा झाडू उचलला. परत कोपऱ्यात ठेवला.

तिचं नाव कोत्वित्सा. म्हणजे नांगर.
शेतातला नव्हे, जहाजाचा.
नाव ठेवताना कोण इतकं पुढचं बघतं?

शेवटी बहिणीकडून आलेला जुना गालिचा
खांद्यावर टाकून वर गेलो.
"आवाज होतोय का?" बाईंनी दार अर्धंच उघडलं.
"पूर्वीसारखा होत नाही," मी म्हणालो.
दार पूर्ण उघडलं.

पावाच्या सुरीने गालिचा कापला जाईना,
मग बाईंनी पत्र्याची कात्री काढली.
अंथरुणापासून पाण्यापर्यंत सात पट्टे.
वाटी पालथ्या पातेल्यावर,
म्हणजे मान वाकवताना मागचा भाग कोसळायला नको.
दाराशी न्हाणीघरातली रबरी चटई.
एका जागी दोन विती कमी पडल्या,
तिथे बाईंनी स्वतःचा स्वेटर चिकटवला, बाह्या पसरून.
पायमोजे तिने चावून काढले.
कोचावर चढायला इस्त्रीची फळी टेकवली;
ती फळी हुंगून तिने आमच्याकडे असं पाहिलं
की आम्ही निमूटपणे फळी कपाटामागे सारली.

खिडकीपर्यंत गालिचा पुरला नाही.

खरी अडचण जिना. चौथा मजला, लिफ्ट नाही,
आणि कुत्रीला कामं बाहेरच असतात.
बाई टॉवेल तिच्या पोटाखालून घेतात,
दोन्ही टोकं मुठीत.
सत्तावीस वर्षं त्यांनी ग्दान्स्कच्या गोदीत क्रेन चालवली,
चाळीस-चाळीस टनांचे जहाजाचे तुकडे
खालच्या माणसाची टोपीही न हलवता ठेवले.
आता एकवीस किलो.
"हे जास्त जड," त्या म्हणतात. "याला मन आहे."

टॉवेल धरला की मागचे पंजे त्यांना दिसत नाहीत.
म्हणून मी पुढे, उलटा उतरत,
हातांनी खुणा करतो. त्यांनीच शिकवल्या:
तळवा खाली, हळू सोड.
मूठ, थांब.
पंजा मुडपला असेल तर बोट आडवं.
जिन्यातला दिवा दोन मिनिटांनी आपोआप विझतो.
दोन मिनिटांत आमचा दीड मजला होतो.
अंधारात मूठ कुणाला दिसणार?
तरी मी वळतो.
तिघांचे श्वास, आणि भिंत चाचपणारा माझा हात,
बटण सापडेपर्यंत.

गालिच्यावरून आता खाली काही ऐकू येत नाही.
म्हणून रात्री मी एकदा ठोकतो: कसं आहे?
वरून टाच, दोनदा: पाणी प्यायली, झोपली.

काल तीनदा आली.
तीन असं आमचं काही ठरलं नव्हतं.
दिवा न लावताच, अनवाणी, वर गेलो.
दार लोटलेलं.
बाई भिंतीला टेकून उभ्या,
मी काही विचारायच्या आत त्यांनी तळवा खाली केला.

खिडकीपाशी, उघड्या फरशीवर,
कोत्वित्सा उभी होती.
कशी गेली, बाईंनाही माहीत नाही.
मागच्या मांड्या थरथरत होत्या.
खाली रस्त्यावर मीठ पसरत जाणारी गाडी,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरला,
आमच्या तोंडांवरून फिरला.
ती त्या गाडीवर भुंकली, एकदाच, जुन्या आवाजात.

टॉवेल खुर्चीवरच होता.
मी मूठ वळली,
आणि बाई थांबल्या.